सुपरहिरो कॉमिक्सचं चित्रकाम: पहिल्या पानापासून पहिल्या करारापर्यंत

इमारतीच्या कठड्यावर उभा नायक, पुढे आलेली छाती, मागे वाऱ्यावर उडणारी केप. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या फायलीत असं एक चित्र असतंच, आणि बहुतेकदा ते चांगलंही असतं. अमेरिकी कॉमिक्सचा संपादक ते पाहून मान डोलावतो आणि विचारतो, "पानं आहेत का?" इथेच बहुतेकांची फाइल संपते.

सुपरहिरोचा मुख्य धंदा अजूनही अमेरिकेतच आहे. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, बॅटमॅन १९३९ मध्ये, आणि तेव्हापासून मासिक अंकाचा गाडा चालूच आहे. मात्र त्यासाठी चित्रकाराने न्यूयॉर्कला राहण्याची गरज कधीच सरली. १९७० च्या दशकात फिलिपिन्समधले आणि १९९० च्या दशकात ब्राझीलमधले चित्रकार मोठ्या संख्येने या कामात आले. भारतातून जीवन कांग यांनी २००४ मध्ये स्पायडरमॅनचा भारतीय अवतार चितारला. मुंबईचे आनंद आरके यांना २०२१ मध्ये आयस्नर हा कॉमिक्समधला मोठा पुरस्कार मिळाला, आणि आदित्य बिडीकर हे मराठी नाव अमेरिकी अंकांच्या श्रेयनामावलीत लेटरर, म्हणजे संवादांची अक्षरं बसवणारा, म्हणून नियमित दिसतं. म्हणजे कोल्हापुरात किंवा नाशिकमध्ये बसून हे काम होतं. अट एकच: दर महिन्याला सुमारे २० पानं, वेळेत.

काम कोणकोणात वाटलेलं असतं

लेखक पटकथा देतो. पेन्सिलर पानाची रचना करून चित्रं काढतो, इंकर त्यावर शाई चढवतो, फ्लॅटर प्रत्येक आकारात सपाट रंग भरून देतो, कलरिस्ट त्यावर उजेड-सावली आणतो, लेटरर संवादांचे फुगे आणि आवाजाची अक्षरं बसवतो. हल्ली बरेच चित्रकार पेन्सिल आणि शाई दोन्ही स्वतः करतात. नवख्याने दोन्ही यावं या तयारीनेच उतरावं.

पटकथा दोन प्रकारे येते. एकीत चौकटीगणिक वर्णन आणि संवाद लिहिलेले असतात. दुसरीला 'मार्व्हल पद्धत' म्हणतात: लेखक फक्त प्रसंगाचा गोषवारा देतो, चौकटी चित्रकार पाडतो आणि संवाद नंतर लिहिले जातात. दुसरी पद्धत मोकळी वाटते, पण गती सांभाळायची जबाबदारी पूर्ण चित्रकारावर येते. पहिली १२ पानं ऐसपैस आणि शेवटच्या आठात सगळी मारामारी कोंबलेली, असे अंक त्यातूनच जन्माला येतात.

कागद, मापं आणि शाई

मूळ चित्र ११ × १७ इंच कागदावर काढतात. त्यातली मुख्य चित्राची जागा साधारण १० × १५ इंच. छापील अंक ६⅝ × १०³⁄₁₆ इंचांचा, म्हणजे चित्र छपाईत जवळपास दोन तृतीयांश होतं. याचा अर्थ ००५ नंबरच्या पेनाने काढलेली ०.२ मिलिमीटरची रेघ छपाईत ०.१३ मिलिमीटर उरते. दूरच्या खिडक्यांना ती चालते, चेहऱ्याच्या बाह्यरेषेला नाही. कागदाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र असेल तर छापील मापाच्या बाहेर आणखी ⅛ इंच चित्र हवं, कारण कटिंगमध्ये कागद थोडा इकडेतिकडे सरकतो. चेहरे, हात आणि फुगे मात्र मुख्य जागेच्या आतच ठेवायचे.

व्यावसायिक काम ब्रिस्टल बोर्ड या जाड चित्रकागदावर होतं. सरावाला ते महाग पडतं, त्याऐवजी जाड आयव्हरी शीट चालते. एकाच जागी तीनदा खोडरबर फिरवला की तिचा पृष्ठभाग उसवतो आणि शाई पसरते. म्हणून कच्चं रेखाटन वेगळ्या कागदावर करून लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, उतरवून घ्या. ए३ कागद ११.७ × १६.५ इंच असतो, म्हणजे उंचीला अर्धा इंच कमी, पण १० × १५ ची चौकट त्यात आरामात मावते. पेन्सिल एचबी किंवा २एच. वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, एक लवचीक निब आणि २ किंवा ३ नंबरचा सेबल ब्रश एवढ्यावर काम सुरू होतं. ब्रश शाईत अर्ध्याहून जास्त बुडवू नका. मुळाशी शाई सुकली की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं.

डिजिटल काम करणार असाल तर ११ × १७ इंचांचा कॅनव्हास ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) ६६०० × १०२०० पिक्सेल होतो. फक्त रेघांचं काम ६०० च्या खाली नको. ३०० ला काढलेल्या तिरक्या रेघा छपाईत पायऱ्यांसारख्या दिसतात. क्लिप स्टुडिओ पेंट हे सॉफ्टवेअर या कामासाठीच बनल्यासारखं आहे: चौकटी, पर्स्पेक्टिव्हच्या (जवळ-दूर दाखवणाऱ्या यथार्थदर्शनाच्या) पट्ट्या, सगळं त्यात आहे. स्क्रीनवर सतत झूम करून काढण्याची सवय मात्र घातक. छापल्यावर तांदळाएवढ्या दिसणाऱ्या चेहऱ्याच्या पापण्या काढण्यात तास जातो. दर अर्ध्या तासाने पान छापील मापात आणून पाहा.

सरावाचा क्रम

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांनी आठवून पाहावं: स्मरणचित्र. पाणवठा, बाजार, बसस्टॉप, समोर काही न ठेवता माणसांसकट काढायचा. अनेकांना तो पेपर कटकटीचा वाटायचा. कॉमिक्सला लागणारं कौशल्य नेमकं तेच. स्थिरचित्रात 'ए' मिळवलेला हात इथे अडखळतो, कारण पटकथेतली माणसं पोझ देऊन बसत नाहीत.

शरीररचनेत आधी हालचाल, मग स्नायू. रोज ३० सेकंदांची २० आणि दोन मिनिटांची १० रेखाटनं, तीही शक्यतो जिवंत माणसांची: बसथांबा, आखाडा, कबड्डीचं मैदान. साधा माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच काढतात, सुपरहिरो आठ ते साडेआठ. वाढीव उंची बहुतेक पायांत द्यायची. धडात दिली तर माणूस ताणलेल्या रबरासारखा दिसतो. स्नायूंची नावं पाठ करून प्रत्येक उंचवटा दाखवण्याचा मोह सगळ्यांना होतो. शिथिल उभ्या माणसाचे सगळे स्नायू एकाच वेळी ताणलेले नसतात, हे विसरलं की नायक अक्रोडाची पिशवी होतो.

त्यापुढचा अडथळा कॅमेऱ्याकडे येणारी मूठ, म्हणजे फोरशॉर्टनिंग. अवयव आधी डबे आणि नळकांडी म्हणून काढा, एकमेकांवर आलेल्या कडा ठळक करा, मग त्यावर कातडी चढवा. मुठीचा आकार भीड न ठेवता वाढवा. बहुतेक नवखे तिला डोक्याएवढीच ठेवतात आणि ठोसा मवाळ होतो.

मागच्या जागा तितक्याच महत्त्वाच्या. दोन आणि तीन बिंदूंचा पर्स्पेक्टिव्ह हातात बसला पाहिजे. न्यूयॉर्क काढायचं तर तिथल्या गच्च्यांवरच्या लाकडी पाण्याच्या टाक्या, इमारतींच्या दर्शनी भागावरचे लोखंडी आपत्कालीन जिने, फुटपाथवरचे हायड्रंट यांचं संदर्भचित्रांचं फोल्डर बनवा. थ्रीडी मॉडेल किंवा फोटोवरून इमारत घेणं या धंद्यात सर्रास चालतं. गडबड होते ती क्षितिजरेषेत. फोटो छातीच्या उंचीवरून घेतलेला आणि माणूस खालून पाहिलेला, असं झालं की तो जमिनीवर उभा न राहता चिकटवल्यासारखा दिसतो.

पान बांधणं

नोकरी इथे ठरते. एक सरावाची पटकथा घेऊ. जागा मुद्दाम ओळखीची आहे, जाऊन पाहता आणि रेखाटता येईल अशी.

पान ११, पाच चौकटी.
१. पावसाळी रात्र. दादर स्टेशनचा पादचारी पूल, गर्दी.
२. आई फोनवर. शेजारी सात वर्षांचा मुलगा कठड्यावर वाकलेला. आई: "हो, पोचलो दादरला. पाऊस बघ ना किती!"
३. ओल्या लोखंडावरून निसटणारी बोटं.
४. वर पत्र्यावर बसलेली नायिका झटकन मान वळवते.
५. मुलगा हवेत. खालून लोकलचे दिवे येताहेत.

आधी पान क्रमांक पाहा. विषम पान अंकात उजवीकडे येतं, त्याच्या शेवटच्या चौकटीनंतर वाचक पान उलटतो. मुलाला झेलणं १२ व्या पानावर, उलटल्यावर दिसायला हवं. हे ११ व्याच पानात उरकलंत तर लेखकाने बांधलेला ताण तुम्ही फुकट घालवलात. दोन पानं व्यापणारं चित्रही याच हिशोबाने सम-विषम जोडीवर येतं, ४-५ किंवा १२-१३. ५-६ वर मांडलेलं चित्र एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापलं जाईल.

आता काडेपेटीएवढ्या आकारात पाच-सहा कच्ची पानं काढा, प्रत्येकाला फार तर पाच मिनिटं. एका पानात सगळ्यांत मोठी चौकट एकच असावी. इथे ती पाचवी: खालची जवळपास अर्धी जागा तिची. पहिली वर आडवी पट्टी. दुसरी, तिसरी, चौथी मधल्या ओळीत अरुंद, म्हणजे डोळा त्यांवरून भराभर जाईल.

पहिल्या चौकटीत पत्र्यावरची नायिका अंगठ्याच्या नखाएवढी का होईना दिसली पाहिजे, आणि खालचे रूळसुद्धा. नाहीतर चौथ्या चौकटीत ती आभाळातून पडल्यासारखी वाटते आणि पाचवीतली लोकल कुठून आली ते कळत नाही. नवख्यांच्या पानात सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच. पहिली चौकट 'नुसती जागा दाखवणारी' समजून उरकली जाते, आणि पुढे कोण कुठे आहे ते वाचकाला शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या चौकटीत आई डावीकडे. बोलणारी ती, तिचा फुगा आधी वाचला जातो. दोघं बोलत असतील तर आधी बोलणारा डावीकडे हवा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. एका चौकटीत फार तर ३५ शब्द हा धंद्यातला जुना अंदाज आहे. तेवढ्यासाठी चौकटीचा वरचा तिसरा भाग हवेचा, पावसाचा, महत्त्वाचं काही नसलेला सोडा. तुम्ही सोडला नाहीत तर लेटररला चेहऱ्यावर फुगा ठेवावा लागेल. कच्च्या पानातच फुगे पेन्सिलीने मांडून पाहिले की हा प्रश्न उरत नाही.

आई डावीकडे आणि मुलगा उजवीकडे ठरला की कॅमेरा त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. पलीकडे गेलात की मुलगा एकदम डावीकडे येतो आणि वाचकाला वाटतं, हा दुसराच मुलगा. चौथ्या चौकटीत नायिकेची नजर खाली, पाचव्या चौकटीच्या दिशेने. वाचकाचा डोळा तिच्या नजरेमागे जातो, बाण काढावा लागत नाही.

शेवटी टँजंट तपासा: दोन वस्तूंच्या कडा नेमक्या टेकल्या की खोली मरते. पुलाची कड नायिकेच्या गुडघ्याला टेकलेली, दिव्याचा खांब आईच्या डोक्यातून उगवलेला. एक तर वस्तू एकमेकींवर स्पष्ट येऊ द्या, नाहीतर लांब न्या. पान आरशात धरा किंवा डिजिटलमध्ये उलटं फिरवा, असे टेके लगेच डोळ्यांत भरतात.

पान पूर्ण झालं की संवाद झाकून कथा माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा आणि काय घडलं ते विचारा. तुम्ही मध्ये बोलू नका. ज्या चौकटीत काय घडलं ते त्यांनी चुकीचं सांगितलं, ती पुन्हा काढा.

शाई

जवळच्या आकाराची बाह्यरेषा जाड, दूरची बारीक. सावलीच्या बाजूची जाड, उजेडाकडची बारीक किंवा तुटलेली. शाई लावण्याआधी छोट्या प्रतीवर काळे भाग ठरवा, पानाकडे डोळे बारीक करून पाहा आणि काळ्याचे ठिपके पानभर सारखे विखुरले असतील तर ते गोळा करून दोन-तीन ठिकाणी आणा. काळं नसलेलं पान रंग चढल्यावरही पुचाट दिसतं. आडव्या-तिडव्या बारीक रेघांनी चूक झाकायचा प्रयत्न करू नका, रेखाटन चुकलंय ते तिथूनच कळतं.

वेग

२० पानांचा अंक साधारण चार-पाच आठवड्यांत संपवायचा म्हणजे दिवसाला एक पान पेन्सिलमध्ये. आधी सगळ्या २० पानांची कच्ची रचना तीन-चार दिवसांत करून संपादकाला पाठवतात. दुरुस्ती तिथे स्वस्त असते. शाई चढल्यावर आलेली दुरुस्ती पूर्ण दिवस खाते. गर्दीच्या पानाला दीड दिवस लागतो, तो वेळ दोन माणसं बोलतात त्या पानांत वाचवावा लागतो.

काम मागायला जाण्याआधी स्वतःची परीक्षा घ्या. एका लहान कथेची २० पानं ३० दिवसांत पूर्ण करा, मग ती कशीही होवोत. १४ व्या पानाला सगळ्यांचीच पकड सुटते: चेहरे बदलतात, मागच्या इमारती गायब होतात. कुठे घसरलात ते कळलं की पुढचे तीन महिने कशावर घालवायचे ते ठरतं. मनगट आणि मानेची काळजी पहिल्याच महिन्यापासून घ्या: तिरका बोर्ड, तासाला पाच मिनिटं उठणं, रेघ बोटांऐवजी खांद्यातून ओढणं. मनगट दुखावलं तर महिना बुडतो, आणि मासिक अंक थांबत नाही.

काय दाखवायचं

सहा ते आठ सलग पानं, दोन वेगळ्या प्रसंगांतली. त्यात एक मारामारी, एक साध्या कपड्यांतल्या दोन माणसांचा खोलीतला संवाद, एक गर्दीचा रस्ता, एखादी गाडी, म्हातारं माणूस, लहान मूल. साध्या कपड्यांच्या चुण्या न जमणारा चित्रकार घट्ट पोशाखामागे लपतो, हे संपादकाला पहिल्याच पानात कळतं. मुखपृष्ठासारखं एकेरी चित्र जास्तीत जास्त एक. सर्वांत कमकुवत पान काढून टाका, कारण तुमची पातळी त्याच पानावरून मोजली जाते.

मार्व्हल किंवा डीसी या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांसाठी नमुना करायचा तर त्यांचीच पात्रं काढा. स्वतःचं पात्र चांगलं की वाईट हे ठरवण्यात त्यांना रस नसतो, पटकथा कशी उतरवता ते पाहायचं असतं. हे नमुने विकू मात्र नका, पात्रं त्यांच्या मालकीची आहेत.

दार कुठलं

मोठ्या दोन कंपन्यांना न मागता पाठवलेली पाकिटं सहसा उपयोगाची नसतात. त्यांचे संपादक छोट्या प्रकाशकांचे छापील अंक पाहतात आणि कॉमिक कॉनमध्ये पोर्टफोलिओ तपासतात. सॅन दिएगोचं संमेलन जुलैत, न्यूयॉर्कचं ऑक्टोबरमध्ये होतं. कॉमिक कॉन इंडिया २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं, पुढे मुंबई-पुण्यातही पोचलं. तिथे येणाऱ्या लेखक-चित्रकारांना पानं दाखवता येतात. फाइल छापील ठेवा. फोनवर बोटाने सरकवत दाखवलेली पानं कुणी नीट वाचत नाही.

व्यवहारात चालणारा रस्ता असा: आधी एखाद्या लेखकासोबत आठ-दहा पानांची पूर्ण छोटी कथा, मग छोट्या प्रकाशकाची चार-पाच अंकांची मालिका, आणि वेळेवर पोचवलेल्या अंकांच्या जोरावर मोठ्यांकडे. ईमेल चार ओळींची: कोण, काय करता (पेन्सिल, शाई की दोन्ही), महिन्याला किती पानं, वेबसाइटचा दुवा. पानं वेबसाइटवर पहिल्याच क्लिकला दिसली पाहिजेत. उत्तर नाही आलं तर तीन-चार महिन्यांनी नव्या पानांसह पुन्हा लिहा, जुन्या पानांची आठवण करून देऊ नका.

आत शिरायची बाजूची दारंही आहेत. फ्लॅटिंगचं काम नवख्याला तुलनेने लवकर मिळतं: प्रत्येक आकारात सपाट रंग भरून कलरिस्टला द्यायचा. अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर कडेला अर्धवट रंगाचे पिक्सेल राहतात, कलरिस्टची निवड फसते आणि पुढचं काम येत नाही. लेटरिंगची गरजही कायम असते, आणि तिथे चांगले हात चित्रकारांपेक्षा कमी आहेत.

पैसे आणि कागदपत्रं

कामाचा दर पानामागे ठरतो, पेन्सिल, शाई आणि रंगांचा वेगवेगळा. हिशोब तासावर आणा. समजा पानाला १०० डॉलर मिळाले आणि पेन्सिल-शाई मिळून १६ तास गेले, तर तासाला सव्वासहा डॉलर. दर मान्य करण्याआधी हा भागाकार करा. "आत्ता पैसे नाहीत, नफ्यात वाटा देऊ" या बोलीवर २० पानांचं काम घेऊ नका. घ्यायचंच असेल तर आठ पानांपर्यंत, आणि हक्क लेखी वाटून.

मार्व्हल-डीसीचं काम 'वर्क फॉर हायर' असतं: तुम्ही काढलेल्या गोष्टीचा कॉपीराइट कंपनीचा. सुपरमॅनचे हक्क त्याच्या दोन निर्मात्यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला दिले, ते प्रकरण या धंद्यात अजून सांगितलं जातं. त्याची दुसरी बाजू १९९२ ची: मार्व्हलचे सात लोकप्रिय चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढली, जिथे हक्क निर्मात्याकडेच राहतात. तिथे आगाऊ मानधन मात्र सहसा नसतं, अंक विकला तर पैसे. म्हणून अनेक जण पोटासाठी एक मालिका आणि स्वतःसाठी एक, असं दोन्ही चालवतात.

करारात पाहायच्या गोष्टी: पैसे बिल दिल्यापासून किती दिवसांत, दुरुस्त्या किती वेळा फुकट, मालिका मध्येच रद्द झाली तर झालेल्या पानांचे पैसे, पुनर्मुद्रणाची रॉयल्टी, आणि मूळ कागद कुणाचा. प्रचलित रीतीप्रमाणे कागद चित्रकाराकडे परत येतो, पेन्सिलर आणि इंकर वेगळे असतील तर पानं साधारण दोनास एक वाटली जातात. संग्राहक ती विकत घेतात. पूर्ण डिजिटल काम करणाऱ्याला या कमाईवर पाणी सोडावं लागतं, म्हणून काही जण निदान मुखपृष्ठ आणि मारामारीची पानं कागदावर करतात.

अमेरिकी प्रकाशक पहिल्या बिलाआधी डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कराचा फॉर्म मागतो. तो भरून दिला नाही तर तुमच्या पैशातून तिथला कर कापला जाऊ शकतो. पैसे बँकेत आले की आवक परकीय चलनाचा दाखला मागून ठेवा. परदेशी ग्राहकाचं काम जीएसटीत सेवा-निर्यात धरलं जातं. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि एलयूटी (हमीपत्र) दाखल केलं की कर न भरता बिल देता येतं. पहिल्याच वर्षी सीएला भेटा आणि करार, बिल, दाखला ही तिन्ही कागदपत्रं अंकाच्या क्रमांकानुसार एकाच फोल्डरमध्ये ठेवा.